पहिलटकरीण: पीव्हीला (आतल्या तपासणीत) ‘स्टेशन ०’, पोटावर डोकं ३/५. खरं कुठलं धरायचं?

रात्रपाळी_सिस्टर

पालिकेच्या प्रसूतिगृहातल्या लेबर रूमसाठी विचारते आहे. इथे नॉर्मल डिलिव्हरी होतात, सिझरची सोय नाही. अडलं की पेशंट मोठ्या रुग्णालयात पाठवायचा. कुणा एका पेशंटची केस नाही, नेहमी समोर येणारं चित्र मांडते.

पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळ डोक्याकडून. सकाळी १० वाजता गर्भाशयाचं तोंड ५ सेंमी उघडलेलं, पोटावरून डोकं ४/५ (पाच भागांपैकी चार अजून हाताला लागताहेत), पाणमोट शाबूत, १० मिनिटांत ३ कळा, प्रत्येक ३५ सेकंदांच्या आसपास. दुपारी २ वाजता ६ सेंमी. मधल्या वेळात पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ, ठोके १४०. कॅपुट (डोक्यावरची सूज) ++, मोल्डिंग (कवटीची हाडं दबून जवळ येणं) ++. पीव्ही करणारा कागदावर ‘स्टेशन ०’ (डोक्याचं टोक स्पाइनच्या, म्हणजे कटीतल्या दोन हाडी टोकांच्या, पातळीला) लिहून जातो, म्हणजे डोकं एंगेज झालं, कटीत उतरलं. आणि पोटावर हात ठेवला तर ३/५ लागतंय, म्हणजे झालेलं नाही.

एकाच वेळी दोन्ही कसं? आणि दुसरं असं, की जुन्या पार्टोग्राफवर (प्रसूतीची प्रगती नोंदायचा आलेख) हीच बाई अलर्ट लाइनच्या, सावध करणाऱ्या रेषेच्या, बरीच पलीकडे गेलेली दिसते. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) लेबर केअर गाइडवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या तक्त्यावर, मात्र धोक्याची खूण म्हणून गोल करण्यासारखा तिचा एकही आकडा नाही. तिला ठेवायची की पाठवायची?

डॉ_ब्रिमवर

पोटावरचं ३/५ धरा. स्टेशन ० चुकीचं मोजलंय असं नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातोय.

डोकं ‘एंगेज’ म्हणजे डोक्याचा सर्वात रुंद भाग, दोन्ही पॅरायटल हाडांमधला आडवा व्यास, ब्रिममधून, म्हणजे कटीच्या वरच्या कड्यातून, खाली गेला. हा भाग पीव्हीच्या बोटाला कधीच लागत नाही. बोटाला लागतं ते डोक्याचं टोक. टोक स्पाइनच्या पातळीला आलं म्हणजे रुंद भाग ब्रिमखाली गेला असणार, असा आपण अंदाज बांधतो. ब्रिमपासून स्पाइनपर्यंत साधारण ५ सेंमी, आणि नीट वाकलेल्या डोक्याच्या टोकापासून रुंद भागापर्यंत ३ ते ४ सेंमी. म्हणून गणित जमतं.

पण ते जमतं डोकं गोल असेल तर. मोल्डिंगने कवटी लांबुळकी होते आणि टोकावर कॅपुटचा दीड-दोन सेंमीचा फुगा चढतो. मग टोक स्पाइनला टेकतं आणि रुंद भाग अजून ब्रिमच्या वरच असतो. पोटावर ३/५ लागतंय ते तेच. पहिलटकरणीत हे जास्त दिसतं, कारण कळा तासन्तास चालतात आणि डोकं एकाच जागी दाबलं जातं.

दुसरी चूक बोटाची. स्टेशन हाडाचं लिहायचं, कॅपुटचं नाही. कॅपुट ओल्या स्पंजासारखं लागतं आणि त्याच्याखाली सूचर (कवटीच्या हाडांमधले सांधे) सापडत नाहीत. बोट त्याच्या कडेने सरकवून जिथे कडक हाड लागेल ती पातळी घ्या. बरेचदा ० चं −१ किंवा −२ होतं. स्पाइन घड्याळातल्या ४ आणि ८ च्या दिशेला. चटकन सापडत नसेल तर माकडहाडाच्या बाजूने सॅक्रोस्पायनस लिगामेंटचा पट्टा धरून बाहेरच्या बाजूला जा, तो स्पाइनलाच नेऊन सोडतो.

आणि ‘फिक्स’ हा शब्द कागदावरून काढून टाका. ३/५ ला डोकं हाताने हलत नाही, म्हणून लेबर रूममध्ये सगळे ‘फिक्स झालं’ म्हणतात आणि ऐकणारा एंगेज समजतो. एंगेज म्हणजे २/५ किंवा त्याहून कमी.

एक राहिलं. पोझिशन लिहिलेली नाही. लहान टाळू कुठे आहे?

ट्यूटर_बाई

पोझिशनबद्दल सरांनी विचारलंच आहे. मी पोटावरच्या हाताबद्दल लिहिते, कारण ३/५ लिहिणारे पाच जण पाच वेगळे आकडे लिहितात.

आधी लघवी करून यायला सांगा. होत नसेल तर कॅथेटर. भरलेल्या मूत्राशयावर डोकं मोजलं तर एक-दीड बोट वर येतं, आणि ते मूत्राशय डोकं खरंच वरही अडकवून ठेवतं. बाईला पाठीवर झोपवा, पण सपाट नाही, डोक्याखाली उशी आणि गुडघे अर्धे वाकवलेले. कळ चालू असताना हात लावू नका. कळ उतरली की तिच्या पायांकडे तोंड करून उभ्या राहा, दोन्ही हात डोक्याच्या दोन बाजूंना, बोटांची टोकं सिम्फिसिसच्या (ओटीपोटाखालचं पुढचं हाड) दिशेने हळूहळू खाली. तिला तोंडाने श्वास सोडायला सांगा. श्वास सोडताना बोटं आत जातात. जोर लावलात तर पोट कडक होणार आणि काहीच कळणार नाही.

आता सिम्फिसिसच्या वर किती डोकं उरलंय ते बघायचं. पाच बोटं मावतात ते ५/५, अख्खं डोकं वर तरंगतंय. पण नुसती बोटं मोजू नका, कारण प्रत्येकीची बोटं वेगळी. कपाळाकडची बाजू आणि मागची बाजू वेगळ्या ओळखा. कपाळाकडचा भाग जास्त ठळक आणि टणक, आणि बाळाच्या पाठीच्या उलट बाजूला असतो. ३/५ ला कपाळ सहज लागतं, मागची बाजूही लागते. २/५ ला कपाळ लागतं, मागची बाजू जेमतेम. १/५ ला फक्त कपाळाची कड. ०/५ ला बोटं सरळ सिम्फिसिसच्या मागे उतरतात, हाताला डोकं लागतच नाही. ही पद्धत क्रायटन यांनी १९७४ साली मांडली. तिच्यात कॅपुट मोजलंच जात नाही, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

याच हातात आणखी एक माहिती फुकट मिळते. डोकं नीट वाकलेलं असेल तर कपाळ मागच्या बाजूपेक्षा वर लागतं. दोन्ही एकाच उंचीला लागली तर डोकं वाकलेलंच नाही. बेंबीखाली पोट खोलगट दिसतंय, पुढच्या बाजूला हातपाय टोचताहेत, ठोके कुशीकडे ऐकू येताहेत, तर बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे असं समजून पुढची तपासणी करा.

पीव्ही चार तासांनी. पोटावरचा हात दर तासाला ठेवला तरी इन्फेक्शन होत नाही, बाईला त्रास नाही. तरी उलटंच चालतं: पीव्ही तासातासाला, तेही तीन वेगवेगळ्या जणांचे, आणि पोट दिवसातून एकदा.

अजून एक गोष्ट कागदाची. आपल्याकडच्या बऱ्याच सोप्या पार्टोग्राफवर डोक्याच्या उतरणीचा रकानाच नाही. फक्त तोंडाची फुली, ठोके, पाणी, कळा, बीपी. रकाना नाही म्हणून मोजलं जात नाही. सर्व्हिक्सच्याच (गर्भाशयाच्या तोंडाच्या) आलेखात गोल काढून पाचव्या भागांत लिहा, लेबर केअर गाइडमध्येही खुणा त्याच आहेत: फुली तोंडाची, गोल डोक्याचा. मग दिसतं की फुली वर चाललीय आणि गोल जागेवरच आहे.

रात्रपाळी_सिस्टर

पोझिशन: मोठी टाळू डावीकडे पुढे लागते, लहान टाळू बोटाला येत नाही. कॅपुटमुळे सूचरही नीट कळत नाही. म्हणून रिकामं राहिलं.

डॉ_ब्रिमवर

मग रिकामं नाही, उत्तर तिथेच आहे. मोठी टाळू सहज लागते आणि लहान लागत नाही म्हणजे डोकं वाकलेलं नाही. मोठी टाळू डावीकडे पुढे, म्हणजे डोक्याचा मागचा भाग उजवीकडे मागे: उजवी ऑक्सिपिटो-पोस्टेरियर. लेबर केअर गाइडवर पोस्टेरियर आणि ट्रान्सव्हर्स दोन्ही गोल करायच्या खुणा आहेत. त्यामुळे ‘एकही आकडा गोल होत नाही’ हे खरं नव्हतं, रकाना रिकामा सोडल्यामुळे तसं वाटलं.

टाळू ओळखताना घाई होते, म्हणून एक खूण सांगतो. मोठी टाळू पतंगाच्या आकाराची, तिला चार सूचर येऊन मिळतात, बोटाखाली मऊ पोकळी लागते. लहान टाळू त्रिकोणी, तीन सूचर, आणि मोल्डिंग झालं की पोकळी उरतच नाही, फक्त सूचरचा वाय लागतो. सूचर मोजा, पोकळी शोधत बसू नका. कॅपुट फारच असेल तर बोट बाजूला नेऊन कान शोधता येतो, पण ६ सेंमीला तो बाईला सोसवत नाही. तो नाद पूर्ण उघडल्यावर.

मोल्डिंगचं प्लस चिन्ह सगळे अंदाजाने देतात, म्हणून लिहून ठेवतो. हाडं वेगळी, मधे फट: ०. हाडं एकमेकांना टेकलेली: +. एकावर एक चढलेली पण बोटाने दाबली की मागे जातात: ++. चढलेली आणि दाबूनही हटत नाहीत: +++. तुमच्या बाईचं ++ म्हणजे हाड दाबून पाहिलं असलं पाहिजे. दाबून पाहिलं नसेल तर ते ++ आहे की +++, कुणालाच माहीत नाही.

आयपीडी_एनपीएम

दोन कागदांच्या भांडणाबद्दल.

अलर्ट आणि अॅक्शन लाइन फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या रुग्णालयासाठी काढल्या, पायाशी फ्रिडमन यांचा १९५४ चा आलेख. तासाला १ सेंमी. दूरच्या दवाखान्यातून वेळेत हलवायचं, हा त्यांचा उद्देश. तुमची बाई ५ सेंमीला अलर्ट लाइनवर मांडली असेल १० वाजता, तर ६ सेंमी ११ ला अपेक्षित. ती २ ला ६ वर आहे, म्हणजे अलर्टच्या तीन तास उजवीकडे. अलर्टच्या चार तास पुढच्या अॅक्शन लाइनला एक तास शिल्लक.

लेबर केअर गाइड डिसेंबर २०२० मध्ये आलं. त्यात अॅक्टिव्ह टप्पा ५ सेंमीपासून, तिरकी रेष नाही, प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा: ५ ला ६ तास, ६ ला ५ तास, ७ ला ३ तास, ८ ला अडीच, ९ ला २ तास. तुमची बाई ५ वर ४ तास होती, मर्यादेत. आता ६ वर आली, मर्यादा संध्याकाळी ७ ची.

म्हणजे एक कागद सांगतो घाई करा, दुसरा सांगतो ७ पर्यंत वेळ आहे. पण दोन्ही रेषा सर्व्हिक्सच्या. तोंड कितीही वेगाने उघडलं तरी बाळ बाहेर येतं ते डोकं खाली सरकल्यावरच. चार तासांत तोंड १ सेंमी आणि डोकं १/५ सरकलं, पोझिशन पोस्टेरियर, कळा ३५ सेकंदांच्या. यातली शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. या बाईला चांगल्या कळा आलेल्याच नाहीत.

कळा मोजायच्या हाताने, फंडसवर (गर्भाशयाच्या वरच्या भागावर) हात ठेवून, घड्याळ समोर धरून पूर्ण १० मिनिटं. बाईला विचारून नाही, तिच्या ओरडण्यावरून नाही, आणि सीटीजीच्या (ठोके आणि कळा नोंदणाऱ्या मशीनच्या) डोंगराच्या उंचीवरूनही नाही. बाहेरचा पट्टा किती घट्ट बांधला त्यावर डोंगर उंच दिसतो. १० मिनिटांत ३ ते ५ आणि प्रत्येकी ४० सेकंदांच्या वर म्हणजे चांगल्या. कागदावर २० सेकंदांच्या आतल्या कळेचा चौकोन ठिपक्यांनी, २० ते ४० चा तिरक्या रेषांनी, ४० च्या वरचा भरीव. तुमचे चौकोन रेषांचेच आहेत.

औषधाआधी करण्यासारखं बरंच आहे. मूत्राशय रिकामं. पाणी, सरबत, काही हलकं खाणं. तासन्तास पाठीवर झोपलेली असेल तर आधी उठवा, उताणं झोपणं हा लेबर केअर गाइडवर गोल करायचाच रकाना आहे. चालू द्या, पुढे झुकून कॉटला धरून उभी राहू द्या, थकली तर कुशीवर. सोबत आई, सासू किंवा बहीण कुणीतरी हवी. पोस्टेरियर बाळात पाठ फार दुखते आणि ६-७ सेंमीलाच संडासला लागल्यासारखं होतं. तिथे कुणीतरी ‘कर जोर’ म्हणतं आणि सर्व्हिक्सची पुढची कड सुजून बसते. मग ९ सेंमीवर तासभर फुली हलत नाही. जोर करायला सांगणं पूर्ण उघडल्याशिवाय नाही.

आणि पहिलटकरणीत पूर्ण पातळ झालेली सर्व्हिक्स डोक्यावर फुग्याच्या रबरासारखी ताणलेली असते, भोक मागे असतं. पुढे कुठेच कड लागत नाही म्हणून ‘फुल’ लिहिलं जातं. बोट मागे सॅक्रमकडे नेल्याशिवाय १० सेंमी लिहू नका.

रात्रपाळी_सिस्टर

मग ऑक्सिटोसिन (कळा वाढवायचं औषध) इथेच लावून बघावं का? ड्रिप आमच्या कपाटात आहे.

रजिस्ट्रार_रिसीव्हिंग_एंड

नको. जिथे सिझर होत नाही तिथे कळा वाढवायची ड्रिप लावायची नाही. अडलेल्या डोक्यावर कळा वाढवल्या आणि ठोके पडले तर तुमच्या हातात ड्रिप बंद करण्यापलीकडे काही नाही. आणि ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ कमरेत, डिलिव्हरीच्या आधी, हे तर कधीच नाही. एकदा स्नायूत गेलेलं औषध परत काढता येत नाही.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: आत्ताच पाठवा, पण सिझरसाठी नाही. ती पाठवायची आहे सुरक्षितपणे ड्रिप लावता येईल अशा जागी. हा फरक चिठ्ठीत दिसला पाहिजे. चिठ्ठीवर ‘सीपीडी’ (कटीच्या मानाने डोकं मोठं) लिहून येतं आणि पाचातल्या किती जणींना खरंच सीपीडी असतो हे सांगायला कुणी उरत नाही, कारण नातेवाईक आल्या आल्या सिझर मागतात. ६ सेंमीला, ३५ सेकंदांच्या कळांवर, सीपीडी हे निदान होत नाही. निदान होतं पुरेशा कळा देऊनही डोकं न सरकल्यावर.

इकडे काय होतं तेही सांगतो. ठोके ठीक, पाणी स्वच्छ, मोल्डिंग ++ पर्यंतच असेल तर ड्रिप. ५०० मिली आरएल सलाइनमध्ये २.५ युनिट, २० थेंबांना १ मिली देणारा सेट, मिनिटाला १० थेंबांपासून. म्हणजे मिनिटाला २.५ मिलियुनिट. दर अर्ध्या तासाला १० थेंब वाढवत, १० मिनिटांत ३ कळा ४० सेकंदांच्या वर आल्या की तिथेच थांबायचं, कमाल ६० थेंब. सगळ्यात जास्त चूक सेटची होते: मायक्रो सेट लावला तर ६० थेंबांना १ मिली, म्हणजे त्याच १० थेंबांत बाईला तिसरा हिस्सा औषध जातं आणि ‘ड्रिप लागू पडत नाही’ अशी नोंद होते. पाकिटावरचा आकडा वाचा. दुसरं, अँप्यूल २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. मे महिन्यात ट्रॉलीवर पडून राहिलेल्या अँप्यूलवर भरवसा ठेवू नये.

१० मिनिटांत ५ च्या वर कळा गेल्या तर ड्रिप बंद, डावी कुस, ठोके. ६ सेंमी किंवा त्यापुढे, पाणी गेलेलं, चांगल्या कळा असूनही ४ तासांत तोंड जराही बदललं नाही, किंवा ड्रिपवर ६ तासांतही पुरेशा कळा येत नाहीत आणि तोंडही तिथेच, तर अॅरेस्ट, म्हणजे प्रगती थांबली. मोल्डिंग +++ झालं आणि पोटावर डोकं ३/५ च राहिलं, तर मी इतके तास थांबणार नाही.

डॉ_ब्रिमवर

रजिस्ट्रारशी सहमत, एक गोष्ट सोडून. ‘ठोके ठीक’ म्हणजे कधी ऐकलेले? दर ३० मिनिटांनी, कळ चालू असताना सुरू करून कळ संपल्यावर किमान ३० सेकंद, एकूण पूर्ण १ मिनिट. ११० च्या खाली किंवा १६० आणि वर गेले तर लेबर केअर गाइडवर गोल. दोन कळांच्या मधे पंधरा सेकंद ऐकून चारने गुणलं तर लेट डिसेलरेशन (कळेमागोमाग पडणारे ठोके) सापडणारच नाही. आईची नाडीही त्याच वेळी हाताने बघा, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात. दुसऱ्या टप्प्यात (तोंड पूर्ण उघडल्यावर) दर ५ मिनिटांनी.

पाणमोटीबद्दलही. डोकं ४/५ असताना ‘प्रोग्रेस व्हावा’ म्हणून पाणमोट फोडायची पद्धत आहे. नको. डोकं वर आणि पाणी जोरात गेलं तर नाळ खाली येते. आपोआप फुटली तरी डोकं वर असेल तर लगेच ठोके ऐका आणि आतून नाळ लागते का बघा.

वाट_पाहणारा_बाप

मधेच विचारतो, माफ करा. पत्नीचा ३८ वा आठवडा, पहिलीच वेळ. सोनोग्राफीत ‘डोकं अजून फिक्स नाही’ आलं आणि घरी सगळे सिझरची तारीख काढा म्हणताहेत. काय करावं?

आयपीडी_एनपीएम

नुसत्या त्या एका ओळीवर सिझर नाही. पहिलटकरणीचं डोकं शेवटच्या आठवड्यांत खाली उतरतं असं जुनं पुस्तक सांगतं, पण पुष्कळ जणींत ते कळा सुरू झाल्यावरच उतरतं. डोकं वर असण्याची कारणं मात्र डॉक्टरांनी बघायची: वार खाली आहे का, पाणी जास्त आहे का, तारखा बरोबर आहेत का, बाळ सरळ आहे का. घरी पाणी गेलं तर मात्र वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयात, तेही झोपवून. कारण वर सरांनी लिहिलंय तेच, नाळ.

रजिस्ट्रार_रिसीव्हिंग_एंड

पुन्हा पाठवण्याकडे येतो, कारण मुंबईत ही निम्मी लढाई रस्त्यावर होते. गोवंडी-मानखुर्दहून सायनकडे संध्याकाळी सहाला, किंवा पावसात हिंदमाताला पाणी साचलेलं असताना परळकडे निघालेली गाडी किती वेळात पोचेल ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. ७ च्या मर्यादेपर्यंत थांबलात तर बाई आमच्या टेबलावर ९ ला. म्हणून सिझर नसलेल्या जागी अलर्ट लाइन हीच निर्णयाची रेषा धरा आणि त्यात रस्त्याचा वेळ मिळवा. लेबर केअर गाइडच्या मर्यादा वरच्या जागेला जास्त शोभतात.

निघायच्या आधी फोन. १६ नंबरची हिरवी किंवा १८ ची कॅन्युला, मूत्राशय रिकामं, डावी कुस, सोबत सिस्टर आणि डिलिव्हरी किट, ठोके गाडीतही डॉपलरने. चिठ्ठीत शेवटच्या पीव्हीची वेळ, सेंमी, हाडाचं स्टेशन, कॅपुट आणि मोल्डिंग वेगवेगळं, पोझिशन, पाणी कधी फुटलं आणि रंग, पोटावरून पाचवा भाग, १० मिनिटांतल्या कळा आणि सेकंद, काय औषध दिलं आणि किती वाजता. पार्टोग्राफ मूळ कागदच पाठवा, झेरॉक्स तुमच्याकडे. ‘एनपीओएल’ (प्रसूतीत प्रगती नाही) एवढंच लिहिलेली चिठ्ठी आली की आम्हाला सगळं पुन्हा शून्यापासून, म्हणजे आणखी एक पीव्ही आणि आणखी एक तास.

एक धोक्याची खूण पहिलटकरणीत फसवी असते. अनेकदा बाळंत झालेल्या बाईत डोकं अडलं तर गर्भाशय आणखी जोरात आवळत राहतं आणि फाटायची भीती. पहिलटकरणीत गर्भाशय थकतं. ४-५ तास चांगल्या आलेल्या कळा अचानक दोनवर आल्या, वीस सेकंदांच्या झाल्या, बाई गप्प पडली. नातेवाईक म्हणतात ‘जरा झोपली, बरं झालं’. तिची नाडी बघा, तोंड कोरडं आहे का, कॅथेटरला लघवी गुलाबी येते का. ते झोपणं नव्हे.

ट्यूटर_बाई

पूर्ण उघडल्यावरचा भाग कुणी लिहिला नाही. १० सेंमी आणि पोटावर ३/५: जोर करायला लावू नका. तिला ढकलायची आपसूक इच्छा होईपर्यंत कुशीवर ठेवा, ठोके बघा, मूत्राशय रिकामं. पहिलटकरणीला दुसऱ्या टप्प्याची मर्यादा लेबर केअर गाइडमध्ये ३ तास आहे, पण सिझर नसलेल्या जागी तासाभरात गोल खाली सरकला नाही तर गाडी बोलवा. आणि पोटावर चढून ढकलणं नाही, कुणीही कितीही सीनियर असो.

डॉ_ब्रिमवर

वर जोडतो. व्हॅक्यूम (डोक्याला लावून ओढायचा कप) लावायच्या आधी पोटावर हात ठेवलाच पाहिजे. पोटावर १/५ पेक्षा जास्त डोकं असेल तर कप लावायचा नाही, खालून कॅपुट दिसत असलं तरी. योनीद्वारातून केस दिसतात आणि पोटावर २/५ लागतंय, हे मोल्डिंगच्या डोक्यात होतं. तिथे कप कॅपुटवर बसतो, ओढलं की कॅपुट खाली येतं, कवटी जागेवरच. तीन ओढींत उतरण नाही, किंवा कप दोनदा सुटला, की थांबा.

आणि तिथून सिझर करायची तर डोकं ओटीपोटात पाचरीसारखं रुतलेलं असतं. खालून हात घालून ढकलणारा माणूस आधीच तयार ठेवा, किंवा पटवर्धन पद्धत: आधी खांदे, मग धड, मग पाय, आणि डोकं शेवटी. १९५७ पासून आपल्याकडची आहे, तरी रात्री दोनला टेबलावर आठवत नाही. ज्याला येते त्याने नवीन रेसिडेंटला मॅनिकिनवर करून दाखवावी.

रजिस्ट्रार_रिसीव्हिंग_एंड

सोनोग्राफीचं राहिलं. जिथे मशीन लेबर रूममध्ये आहे तिथे हे पोटावर-की-पीव्ही भांडण दोन मिनिटांत मिटतं. पोटावरून प्रोब ठेवून बाळाचे डोळे कुठल्या बाजूला आहेत ते बघा, वर दिसले तर पोस्टेरियर. पेरिनिअमवर (योनीद्वाराच्या बाहेरून) उभा प्रोब ठेवून सिम्फिसिसच्या अक्षाची रेष आणि तिच्या खालच्या टोकापासून कवटीला स्पर्श करणारी रेष, यांच्यातला कोन: ११६ अंश म्हणजे साधारण स्टेशन ०. कवटीला मोजायचं, त्यावरच्या सुजेला नाही. सूज तिथे राखाडी आणि कवटी पांढरी दिसते, त्यामुळे चुकायला जागा कमी.

पण पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायदा १९९४ चा आहे आणि तो लेबर रूमच्या दारात थांबत नाही. मशीन त्या जागेसाठी नोंदलेलं हवं, करणारा नोंदलेला हवा, आणि प्रत्येक वेळी फॉर्म एफ. ‘फक्त डोकं बघितलं’ हे कारण तपासणीच्या वेळी चालत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

सगळं पुन्हा एकदा मांडून पाहिलं. हाड कॅपुटच्या कडेने मोजलं तर −१. मूत्राशय रिकामं केल्यावर पोटावर अजूनही ३/५, कपाळ आणि मागची बाजू जवळपास एका उंचीला. उजवी पोस्टेरियर. कळा ३, ३५ सेकंद. मोल्डिंग दाबून पाहायचं, हटलं तर ++. चिठ्ठीत ‘सीपीडी’ नाही, ‘अपुऱ्या कळा, पोस्टेरियर, ३/५, ऑगमेंटेशनसाठी’ (कळा वाढवण्यासाठी). कॅन्युला, कॅथेटर, फोन आधी. अडीचच्या आत गाडी.

ट्यूटर_बाई

कॅन्युला लावताना १६ चा हिरवा नाही, १६ राखाडी आणि १८ हिरवी. वरच्या पोस्टमध्ये उलटं पडलंय, नवीन मुली वाचतात म्हणून सांगितलं.

रजिस्ट्रार_रिसीव्हिंग_एंड

बरोबर, बाई. हात गडबडीत गेला. १८ हिरवी पुरते.